ना नुसता कचरा, ना संजीवनी: पेशींच्या पुटिका आणि ऑक्सिडेटिव्ह ताण

रक्तपेढीच्या शीतकपाटात तांबड्या पेशींची पिशवी २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवतात. पेशींना पोसणारं योग्य द्रावण घातलेलं असेल, तर ती ४२ दिवसांपर्यंत वापरता येते. वरवर पाहिलं तर पहिल्या दिवसाची आणि चाळिसाव्या दिवसाची पिशवी सारखीच. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र फरक लगेच कळतो. सुरुवातीला मधोमध दबलेल्या, गुळगुळीत कडांच्या चकत्या दिसतात. काही आठवड्यांनी त्यांतल्या बऱ्याच चकत्यांना काटे फुटलेले असतात आणि काही तर पार गोल गरगरीत झालेल्या असतात. या काट्यांच्या टोकांवरून पेशीच्या आवरणाचे बारीक फुगे तुटून भोवतालच्या द्रवात सुटत राहतात. हे फुगे म्हणजेच पेशीबाह्य पुटिका.

ते का सुटतात? तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन ठासून भरलेलं असतं. त्यातल्या लोहाची ऑक्सिजनशी सतत गाठ पडते, त्यामुळे थोडं हिमोग्लोबिन रोज आपोआप खराब होतं आणि त्या ओघात सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी झटकन कुणाशीही अभिक्रिया करणारी रसायनं तयार होतात. त्यांना आवर घालणारी विकरं पेशीत असतात. पण तांबड्या पेशीला केंद्रकच नसल्यामुळे बिघडलेल्या प्रथिनाच्या जागी नवं बनवायची सोय तिच्याकडे नाही. मग नासलेलं हिमोग्लोबिन आणि त्याला चिकटलेली आवरणातली प्रथिनं एका जागी गोळा होतात आणि आवरणाचा तेवढाच तुकडा खुडला जातो. हे फक्त पिशवीतच घडतं असं नाही, आपल्या शरीरातही अखंड चालू असतं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्यात आपलं सुमारे २० टक्के हिमोग्लोबिन अशा पुटिकांतून गमावून बसते. यकृतातल्या भक्षक पेशी त्या पुटिका उचलून पचवतात.

पुटिका सोडणं ही तांबड्या पेशींचीच खासियत नव्हे. मेंदूच्या, हृदयाच्या, चरबीच्या, कर्करोगाच्या, अगदी जिवाणूंच्या पेशीसुद्धा त्या सोडतात. पेशीवर ऑक्सिडेटिव्ह ताण आला, म्हणजे अशा क्रियाशील रसायनांची निर्मिती त्यांच्या बंदोबस्तापेक्षा जास्त झाली, की पुटिकांची संख्याही बदलते आणि आतला मालही. गेल्या काही वर्षांत या विषयावर संशोधनाचा पूर आला आणि त्यामागोमाग जाहिरातींचाही. दोन्हींच्या मधल्या जागेत काही गैरसमज चांगलेच रुजले आहेत.

गैरसमज : पुटिका म्हणजे पेशीचा केरकचरा

हा गैरसमज आधी शास्त्रज्ञांचाच होता, आणि त्याला कारणही होतं. १९४६ मध्ये एर्विन शारगाफ आणि रँडॉल्फ वेस्ट यांना रक्तद्रव अतिवेगाने फिरवल्यावर तळाशी असं काही मिळालं, जे रक्त गोठायला मदत करत होतं. १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये पीटर वुल्फ यांनी ते रक्तपट्टिकांपासून सुटलेले बारीक कण असल्याचं दाखवलं आणि त्यांना चक्क ‘रक्तपट्टिकांची धूळ’ म्हटलं. १९८३ मध्ये माँट्रियलला रोझ जॉन्स्टन यांचा गट आणि सेंट लुईसला फिलिप स्टाल यांचा गट, दोघांनी स्वतंत्रपणे वयात येणाऱ्या तांबड्या पेशींचा अभ्यास केला. या पेशींना लोह आत घेणाऱ्या ग्राहक प्रथिनांची गरज उरत नाही, तेव्हा त्या ती प्रथिनं बारीक पुटिकांत भरून बाहेर टाकतात, असं दिसलं. जॉन्स्टन यांच्या गटाने १९८७ मध्ये त्यांना ‘एक्झोसोम’ नाव दिलं. इथवरची कथा सफाईचीच होती.

१९९६ मध्ये बी लसिकापेशींच्या पुटिका टी पेशींना जागं करू शकतात असं सिद्ध झालं आणि चित्र पालटलं. २००७ मध्ये स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या गटाने पुटिकांमधून आरएनए एका पेशीतून दुसरीत जातो आणि तिथे त्यावरून प्रथिनही बनतं, हे दाखवलं. त्यानंतर पुटिकांना कुणी धूळ म्हटलं नाही.

तरी ‘कचरा’ हा शब्द सर्वस्वी चूक नाही. चूक आहे ती कचरा एकदा टाकला की विषय संपला, या समजात. रक्ताच्या पिशवीतल्या पुटिकांमधलं हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडला गिळून टाकतं. जुनं रक्त रुग्णाला कितपत मानवतं या चर्चेत हा मुद्दा २०११ पासून आहे. हृदयाचं उदाहरण तर आणखी बोलकं. हृदयाच्या स्नायुपेशी आयुष्यभर धडधडतात, क्वचितच विभागतात आणि तंतुकणिकांनी गच्च भरलेल्या असतात. तंतुकणिका म्हणजे पेशीची ऊर्जा तयार करणारा भाग, आणि तोच बिघडला की क्रियाशील ऑक्सिजन गळू लागतो. २०२० मध्ये उंदरांवर झालेल्या अभ्यासात या स्नायुपेशी बिघडलेल्या तंतुकणिका मोठ्या पुटिकांत भरून बाहेर ढकलतात आणि शेजारच्या भक्षक पेशी त्या गिळतात, असं दिसलं. संशोधकांनी त्या भक्षक पेशीच काढून टाकल्या, तेव्हा बिघडलेल्या तंतुकणिका साचत गेल्या आणि हृदयाचं आकुंचन-प्रसरण मंदावलं. मूलपेशींतही असाच प्रकार २०१५ मध्ये नोंदवला गेला होता. म्हणजे एका पेशीवरचा ऑक्सिडेटिव्ह ताण हलका करायचा, तर दुसरी पेशी शेजारी हजर आणि धडधाकट असावी लागते.

गैरसमज : ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणजे निव्वळ विष, जितका कमी तितका बरा

पुटिकांबद्दलचे अर्धे गोंधळ या एका समजातून निघतात, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. १९५६ मध्ये डेनहॅम हार्मन यांनी म्हातारपणाचं मूळ मुक्तमूलकांत, म्हणजे सुपरऑक्साइडसारख्या क्रियाशील रसायनांत, असल्याचं मत मांडलं. १९८५ मध्ये हेल्मुट झीस यांनी ‘ऑक्सिडेटिव्ह ताण’ ही संकल्पना रूढ केली. त्यानंतर अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या, चहा, सरबतं आणि साबणांचा बाजार जो भरला, तो आजतागायत उठलेला नाही. खुद्द झीस यांची नंतरची मांडणी मात्र या बाजाराला फारशी सोयीची नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड पेशीत साधारण १ ते १० नॅनोमोलर इतक्या अत्यल्प प्रमाणात नेहमीच असतं, आणि त्या प्रमाणात ते इशारे देण्याचं काम करतं. पेशीत केप-१ नावाचं एक प्रथिन असतं. ते एनआरएफ-२ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला धरून ठेवतं आणि त्याची विल्हेवाट लावत राहतं. ताण थोडा वाढला की केप-१ मधले गंधकयुक्त भाग ऑक्सिडीकृत होतात आणि पकड सुटते. एनआरएफ-२ केंद्रकात जाऊन संरक्षक विकरांची जनुकं चालू करतं. इशारा आलाच नाही, तर संरक्षणाची तयारीही होत नाही.

माणसांवरच्या चाचण्यांनी हे फार महागात शिकवलं. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वर्षांच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. १९९४ मध्ये तिचे निष्कर्ष आले तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त निघालं. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. २००९ चा जर्मनीतला अभ्यास आकाराने लहान होता, पण माझ्या मते जास्त शिकवणारा. निरोगी तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला आणि त्यांतल्या काहींना रोज १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व दिलं. व्यायामाने इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारतो, तो फायदा या गोळ्या न घेणाऱ्यांनाच मिळाला. व्यायामात तयार होणारी क्रियाशील रसायनंच शरीराला तयारीचा इशारा देत होती आणि गोळ्यांनी तो इशारा दाबला होता.

(आवळा, पेरू खाऊ नका असा याचा अर्थ नव्हे. चाचण्या गोळ्यांच्या होत्या, फळांच्या नव्हत्या.)

गैरसमज : ताणलेल्या पेशीची पुटिका ताणच पसरवते, निरोगी पेशीची पुटिका आरोग्य

हे ऐकायला पटतं, म्हणूनच फसवं आहे. २०१० मध्ये गॉथेनबर्गच्याच गटाने उंदराच्या मास्ट पेशींना हायड्रोजन पेरॉक्साइडचा मारा सोसायला लावला आणि त्यांनी सोडलेल्या पुटिका गोळा केल्या. त्या दुसऱ्या पेशींना दिल्या आणि मग त्या दुसऱ्या पेशींवरही तोच मारा केला. ‘ताण पसरतो’ या हिशेबाने त्या जास्त मरायला हव्या होत्या. घडलं उलटं, त्या जास्त तगल्या. पुटिका देण्याआधी त्यांच्यावर अतिनील किरण सोडले तेव्हा हा परिणाम नाहीसा झाला. अतिनील किरण आरएनएची नासधूस करतात, त्यामुळे संरक्षणाचं काम आतला आरएनए करत असावा असा संशोधकांचा कयास होता.

२०२१ चा अमेरिकेतला, डॅलसचा अभ्यास आणखी चक्रावून टाकतो. तंतुकणिकांवर ताण आलेल्या चरबीच्या पेशींनी पुटिका सोडल्या. त्यांत ऑक्सिडेशनने बिघडलेले, तरीही अजून चालू असलेले तंतुकणिकांचे तुकडे होते. या पुटिका रक्तातून हृदयापर्यंत पोचल्या आणि तिथल्या पेशींत क्रियाशील ऑक्सिजनचा एक झटका उसळला. म्हणजे हृदयाला नुकसानच व्हायला हवं. पण त्या झटक्याने हृदयाची स्वतःची संरक्षक यंत्रणा कामाला लागली. अशा पुटिकांचं एकच इंजेक्शन दिलेल्या उंदरांत, रक्तपुरवठा तोडून पुन्हा सुरू केल्यावर होणारी हृदयाची हानी कमी झाली. बिघडलेला माल, तात्पुरता त्रास आणि शेवटी फायदा, असा तो क्रम. वरचं व्यायामाचं उदाहरण ध्यानात असेल तर यात फार नवल वाटणार नाही.

मज्जातंतूंच्या बाबतीत तर ऑक्सिडेशन हेच औषध ठरल्याचं २०१८ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने दाखवलं. उंदराच्या पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूला इजा झाली की तिथे भक्षक पेशी जमतात. त्या पुटिकांतून नॉक्स-२ हे विकरसंकुल सोडतात. या संकुलाचं काम क्रियाशील ऑक्सिजन तयार करणं. जखमी मज्जातंतू पुटिका आत घेतो, त्या तंतूतून उलट दिशेने चेतापेशीच्या मुख्य भागाकडे नेल्या जातात आणि तिथे वाढीला लगाम घालणारं पीटेन हे प्रथिन ऑक्सिडेशनने निकामी होतं. लगाम सुटला की तंतू पुन्हा वाढू लागतो. इथे अँटिऑक्सिडंटचा मारा केला असता तर दुरुस्तीच अडली असती.

आता दुसरी बाजू. किरणोत्सर्गाचा मारा झालेल्या कर्करोगपेशींच्या पुटिकांनी, जिथे किरण पोचलेच नव्हते अशा पेशींच्या गुणसूत्रांत बिघाड केल्याचं २०१२ मध्ये नोंदवलं गेलं. २०१९ मध्ये स्तनाच्या पेशींत, कर्करोगपेशींतही, एक निराळी युक्ती आढळली. लोहामुळे आवरणातला मेद ऑक्सिडीकृत होऊन पेशी मरायची वेळ आली की ती जास्तीचं लोह, ते साठवणाऱ्या फेरिटिन या प्रथिनासकट, पुटिकांत भरून बाहेर टाकते आणि वाचते. पेशीच्या दृष्टीने हे संरक्षण झालं, रुग्णाच्या दृष्टीने मात्र संकट. तेव्हा पुटिका ‘चांगली’ की ‘वाईट’ या प्रश्नाला अर्थच नाही. कुठल्या पेशीने, कुठल्या अवस्थेत, किती सोडली आणि घेणारी पेशी त्या वेळी कशी होती, एवढं कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

पुण्यातही या दिशेने काम झालं आहे. गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारात असलेल्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधल्या गटाने २०१८ मध्ये उंदरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. अस्थिमज्जेतल्या तरुण आधारपेशींच्या सूक्ष्मपुटिका म्हाताऱ्या रक्तमूलपेशींना दिल्या, तेव्हा त्या पुन्हा तरतरीत झाल्या. या पुटिकांमधून पेशीअंतर्गत सफाईशी संबंधित जनुकांचा आरएनए जात होता. म्हाताऱ्या आधारपेशींच्या पुटिकांत तो कमी भरला. देणाऱ्या पेशीच्या अवस्थेवर किती अवलंबून असतं, याचा हा सरळ पुरावा.

गैरसमज : प्रत्येक पुटिकेत ठराविक हुकूम लिहिलेला असतो आणि तो बरोबर पत्त्यावर पोचतो

‘पेशींचं टपाल’ हे वर्णन वर्तमानपत्रांना आवडतं. आकडे त्याला साथ देत नाहीत. २०१४ मध्ये सिएटलच्या गटाने मोजमाप केलं, तेव्हा मुबलक समजल्या जाणाऱ्या सूक्ष्म-आरएनएचाही एक रेणू सापडायला सरासरी शंभराहून अधिक एक्झोसोम तपासावे लागतात, असं निघालं. बहुतेक पुटिकांत तो विशिष्ट रेणू नसतोच. म्हणून परिणामाचं श्रेय कधी आतल्या विकरांना, कधी आवरणातल्या मेदाला, कधी तंतुकणिकांच्या तुकड्यांना द्यावं लागतं.

पत्त्याचंही तसंच. उंदराच्या कर्करोगपेशींचे एक्झोसोम उंदराच्याच शिरेत टोचले तेव्हा रक्तातलं त्यांचं प्रमाण साधारण दोन मिनिटांत निम्म्यावर आलं. बाहेरून टोचलेल्या पुटिका मुख्यतः यकृत, प्लीहा आणि फुप्फुसांत अडकतात. ‘जिथे इजा तिथे आपोआप जातात’ हे जाहिरातीत लिहायला सोपं आहे.

मोजमापाची अडचणही खरी आहे. रक्तद्रवात कोलेस्टेरॉल वाहणारे मेदकण पुटिकांच्या कितीतरी पट असतात आणि त्यांतल्या काहींचा आकार पुटिकांएवढाच असतो. तांदळातले खडे वेचणं निराळं, इथे खड्यांमधून तांदूळ वेचायचा असतो. प्रयोगशाळेत पेशी वाढवताना वासराच्या रक्तातला द्रव वापरतात, त्यात गाईच्या पुटिका आधीच असतात. त्या काढून टाकल्या नाहीत, तर ‘आमच्या पेशींच्या पुटिकांनी ताण कमी केला’ हा दावा भलत्याच पुटिकांच्या जोरावर केलेला असू शकतो. या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४, २०१८ आणि २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये शुद्धतेचे पुरावे मागितले ते यासाठी. पुटिका पेशीच्या आत तयार झाली हे दाखवता येत नसेल तर तिला सरसकट ‘एक्झोसोम’ म्हणू नका, असंही त्यांत सुचवलं आहे. ३० ते १५० नॅनोमीटरचा एक्झोसोम आणि थेट आवरणातून सुटलेली १०० ते १००० नॅनोमीटरची सूक्ष्मपुटिका यांचे आकार एकमेकांत मिसळतात. नुसत्या मापावरून जन्मस्थान कळत नाही.

गैरसमज : मग एक्झोसोम टोचून घेतले की ताण कमी, त्वचा तरुण, केस दाट

केसांसाठी, चेहऱ्यासाठी, गुडघ्यांसाठी ‘एक्झोसोम थेरपी’ आता सर्रास सुचवली जाते, आणि वर सांगितलेल्या अभ्यासांचे दाखले तिच्या पत्रकांत शोभेला लावलेले असतात. यांतले जवळपास सगळे अभ्यास उंदरांवर किंवा काचेच्या बशीतल्या पेशींवरचे आहेत. कातडीवर नुसतं चोळायचं सीरम असेल, तर त्वचेच्या सर्वात वरच्या मृत थरातून साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठा रेणू सहसा आत शिरत नाही. पुटिका त्याहून प्रचंड मोठी. सुयांनी भोकं पाडून ती आत ढकलली, तर ते सौंदर्यप्रसाधन राहत नाही, टोचणंच होतं. मग निर्जंतुकता, मूळ पेशी कुणाची, दर बाटलीत काय आणि किती, हे सगळे प्रश्न उभे राहतात. पुटिकांची पहिली ओळखच रक्त गोठवणारे कण म्हणून झाली होती, हे या संदर्भात विसरून चालणार नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर इशारा दिला, तो नेब्रास्का राज्यात अशा उत्पादनांनंतर रुग्णांना गंभीर त्रास झाल्यावर. मान्यता मिळालेलं एकही एक्झोसोम उत्पादन नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं.

कुणी ‘आमच्याकडे याची चाचणी चालू आहे’ असं सांगितलं तर नोंदणी क्रमांक मागा. भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची सीटीआरआय ही नोंदवही २००७ पासून आहे, २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद सक्तीची आहे आणि ती संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येते. नोंद आहे म्हणजे उपचार सिद्ध झाला असं नव्हे, पण काय तपासलं जात आहे, कुणावर आणि कुणाच्या जबाबदारीवर, एवढं तिथे कळतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतितत्त्वांनुसार संशोधनापोटी होणारा खर्च सहभागी रुग्णाकडून घ्यायचा नसतो. चाचणीचं नाव सांगून त्याच इंजेक्शनचं बिल हातात ठेवलं जात असेल, तर संमतिपत्रावर सही करू नका.